गुडघा बदलल्यानंतरचं दुखणं: भूल उतरते त्या रात्रीची तयारी

नागपुरात ऑटोवाल्याला "मेडिकल" म्हटलं की तो सरळ शासकीय रुग्णालयाच्या फाटकाशी नेऊन सोडतो. म्हणून आधीच सांगतो, माझं मेडिकल म्हणजे औषधांचं दुकान. धंतोलीच्या एका गल्लीत, जिथे पाटी दिसली की ती डॉक्टरांचीच असणार आणि गाडी लावायला जागा कधीच नसणार. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, तिकडून छिंदवाडा-बालाघाट, सगळीकडून लोक गुडघे बदलायला या भागात येतात. ऑपरेशनच्या चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांचा मुलगा किंवा सून माझ्या काउंटरवर उभी असते. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत डिस्चार्जचे कागद, आणि प्रश्न एकच: "भाऊ, दुखणं थांबून नाही राहिलं. याच्याहून जोरदार काही आहे का?"

बहुतेक वेळा जोरदार काही लागतच नाही. आहे तेच वेळेवर घेतलेलं नसतं. हे मला दुकानात बसून कळलं नाही, घरी कळलं. आईचे दोन्ही गुडघे बदलले, चौदा महिन्यांच्या अंतराने. पहिल्या वेळी पाठीत नळी होती, दुसऱ्या वेळी मांडीत इंजेक्शन. बाई तीच, सर्जन तेच, दुखण्याच्या गोष्टी मात्र दोन. त्या दोन गोष्टींतून आणि काउंटरवरच्या पिशव्यांतून जे उमगलं ते क्रमाने लिहितो. औषध आणि डोस ठरवणं तुमच्या डॉक्टरांचं काम आहे. त्यांना काय विचारायचं आणि घरी काय सांभाळायचं, एवढंच मी सांगू शकतो.

पहिली पायरी: आठवडाभर आधी एक पिशवी आणि एक वही

घरात रुग्ण जे जे घेतो ते सगळं एका पिशवीत भरा. बीपीची, शुगरची, थायरॉइडची गोळी तर हवीच. शिवाय झोपेची गोळी, मन शांत राहावं म्हणून दिलेली गोळी, वैद्यांचा काढा, आणि जावयाने "माझ्या आईला फरक पडला" म्हणून आणून दिलेली बिनलेबलची पुडीही. पुडी लपवू नका. तिच्यात स्टेरॉइड निघाल्याचं आम्ही दुकानदारांनी ऐकलेलं असतं, आणि बरेच दिवस स्टेरॉइड पोटात जात असेल तर ते भूल देणाऱ्याला माहीत असायलाच हवं.

वहीच्या पहिल्या पानावर हे लिहा: किडनीचा शेवटचा रिपोर्ट (क्रिएटिनिन किती), कधी अल्सर झाला होता का, दमा आहे का, फिट येतात का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, रात्री मोठ्याने घोरताना श्वास अडकतो का, आणि कुठल्या औषधाने अंगावर पित्त उठलं किंवा उलट्या झाल्या का. कोणती वेदनाशामक पद्धत चालेल आणि कोणती नाही, हे यातल्या प्रत्येक उत्तरावर ठरतं.

ही वही घेऊन भूलतज्ज्ञांना भेटा. सर्जनची वेळ मिळावी म्हणून लोक दोन-दोन महिने थांबतात आणि भूलतज्ज्ञांचं तोंड पहिल्यांदा ऑपरेशनच्या टेबलावर पाहतात. दुखण्याचे पहिले दोन दिवस खरं तर त्यांच्याच हातात असतात. त्यांना चार प्रश्न विचारा. भूल कोणती देणार? ती उतरल्यावर दुखणं कशाने थोपवणार? उतरायला साधारण किती वाजतील? आणि त्या वेळी वॉर्डात कुणाला हाक मारायची? तिसऱ्या प्रश्नाला लोक हसतात. पुढे कळेल तो का विचारायचा.

पैशांचंही इथेच विचारून घ्या. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतींवर मर्यादा घातली. ती इम्प्लांटपुरती आहे. वेदनेसाठीची नळी, पंप, अल्ट्रासाऊंडखाली दिलेलं इंजेक्शन पॅकेजमध्ये धरलंय की बिलात वेगळं येणार, हे आधी विचारलेलं बरं. विमा असेल तर तिथेही.

दुसरी पायरी: पद्धती समजून घ्या

एकच औषध भरपूर द्यायचं, ही जुनी रीत. आता वेगवेगळ्या जागी काम करणारी तीन-चार औषधं थोडी-थोडी देतात. एक नस बधिर करतं, एक सूज कमी करतं, एक मेंदूपर्यंत पोचणारा संदेश दाबतं. त्यामुळे "यातली सर्वांत चांगली पद्धत कोणती" या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. तुलना करायची ती जोड्यांची.

ऑपरेशनसाठी बहुतेकांना कमरेत स्पायनल, म्हणजे भुलेचं एकच इंजेक्शन, देतात. कंबरेखालचा भाग दोन ते चार तास बधिर राहतो. काही ठिकाणी त्याच सुईतून अगदी थोडं मॉर्फिन सोडतात. मग आराम जवळपास दिवसभर टिकतो, पण अंगाला खाज सुटते, मळमळतं, लघवी अडते, आणि रात्रभर श्वासावर लक्ष ठेवावं लागतं. घोरताना श्वास अडकणाऱ्या माणसाने ही गोष्ट न विचारताच सांगावी.

एपिड्युरल म्हणजे पाठीच्या कण्याजवळ बारीक नळी ठेवून पंपातून औषध सोडत राहायचं. पडून असताना याच्याइतका आराम क्वचितच कशाने मिळतो. आईच्या पहिल्या गुडघ्याला हीच होती. दीड दिवस ती पाहुण्यांशी गप्पा मारत होती. पण दोन्ही पाय जड, बीपी खाली, लघवीची नळी घातलेली, आणि फिजिओथेरपिस्ट उभं करायला आले तर, "अरे, पाय माझा नाही वाटून राहिला मले." शिवाय रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून जे इंजेक्शन देतात त्याच्याशी या नळीचं जमत नाही. रोजच्या प्रतिबंधक डोसनंतर साधारण बारा तास गेल्यावरच ती काढतात, नाहीतर कण्याजवळ रक्त साठण्याचा धोका असतो. म्हणून एका गुडघ्यासाठी एपिड्युरल आता मागे पडत चाललंय. दोन्ही गुडघे एकाच वेळी करायचे असतील तर अजूनही काही जण ते पसंत करतात.

नसेचे ब्लॉक हा पुढचा प्रकार. आधी जांघेत, मांडीच्या मोठ्या नसेला इंजेक्शन देत. गुडघा छान बधिर व्हायचा, पण त्याबरोबर मांडीचा पुढचा स्नायूही झोपायचा. रुग्ण बाथरूमला जायला उठला की पाय मुडपायचा आणि पडायचा. आता मांडीच्या मध्यावर, अल्ट्रासाऊंडमध्ये पाहून, ॲडक्टर कॅनाल ब्लॉक देतात. तिथे मुख्यतः संवेदनेची नस सापडते, त्यामुळे मांडीची ताकद बरीचशी शाबूत राहते. त्याचा उणेपणा असा की गुडघ्याची मागची बाजू सुटते. तिच्यासाठी काही भूलतज्ज्ञ गुडघ्यामागच्या रक्तवाहिनी आणि सांध्याच्या मधल्या जागेत आणखी एक इंजेक्शन देतात. त्याला आयपॅक म्हणतात. एका वेळच्या इंजेक्शनचा परिणाम बारा ते चोवीस तास. नळी ठेवली तर दोन-तीन दिवस, पण नळी सरकते, गळते, आणि तिला सांभाळणारं माणूस वॉर्डात लागतं.

मग "कॉकटेल". डिस्चार्जच्या कागदावर हा शब्द वाचून एक गृहस्थ चांगलेच गोंधळले होते. सर्जन ऑपरेशन चालू असतानाच सांध्याभोवतीच्या मांसात बधिर करणारं औषध, किटोरोलॅकसारखं सूज कमी करणारं औषध आणि थोडं अॅड्रिनॅलिन यांचं मिश्रण टोचतात. सिडनीच्या केर आणि कोहान या दोन डॉक्टरांनी २००८ मध्ये ही रीत प्रसिद्ध केली आणि ती जगभर पसरली, कारण हिच्यात पाठीत नळी नाही, पंप नाही, पाय लुळा पडत नाही, आणि पहिला दिवस बराचसा निभावून जातो. किडनी कमजोर असेल तर मिश्रणातलं किटोरोलॅक गाळायला सांगता येतं. पण त्यासाठी वहीचं पहिलं पान सर्जनपर्यंत पोचलेलं हवं.

बटणाचा पंपही काही ठिकाणी मिळतो. दुखलं की रुग्णाने बटण दाबायचं, ठरलेलं थोडंसं मॉर्फिन किंवा फेंटानिल शिरेत जातं, आणि मधला ठरावीक वेळ यंत्र पुन्हा औषध देत नाही. यात एक नियम काळ्या दगडावरची रेघ समजा: बटण फक्त रुग्णाने दाबायचं. गुंगी आलेल्या माणसाला बटण दाबता येत नाही, तेच त्या यंत्राचं खरं कुलूप. "आई झोपेत कण्हत होती म्हणून मीच दाबलं," असं म्हणणारी मायाळू लेक नकळत ते कुलूप तोडत असते.

माझा कौल विचाराल तर, एका गुडघ्यासाठी स्पायनल, ॲडक्टर कॅनाल ब्लॉक, कॉकटेल आणि घड्याळाप्रमाणे साध्या गोळ्या. आईच्या दुसऱ्या गुडघ्याला हेच होतं. पडून असताना एपिड्युरलच्या तुलनेत तिला जास्तच दुखलं, हे खोटं कशाला सांगू. पण त्याच संध्याकाळी ती वॉकर धरून दारापर्यंत गेली. पद्धत चांगली की वाईट, हे पलंगावर ठरवू नका. उभं राहताना आणि गुडघा वाकवताना किती दुखतं, त्यावर ठरवा. गुडघा पहिल्या आठवड्यांत हलला नाही तर आखडतो, आणि आखडलेला गुडघा पुढे वर्षभर दुखतो.

तिसरी पायरी: भूल उतरते ती वेळ

पहिल्या वेळी काय झालं ते सांगतो. रुग्णालयाचं नाव नको. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला आईला रक्त पातळ करणारं इंजेक्शन दिलं होतं, म्हणून तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला नियमाप्रमाणे एपिड्युरलची नळी काढली. साडेसातपर्यंत बरं होतं. आठला ती पलंगाचा दांडा धरून रडत होती. चार्टवर वेदनेची गोळी लिहिलेली होती, पण तिच्यापुढे "एसओएस" असं होतं. म्हणजे रुग्णाने मागितली तर द्या. आई तिच्या पिढीची बाई. सिस्टरला त्रास कशाला द्यायचा म्हणून तिने मागितलीच नाही. डॉक्टरांचा राऊंड दहाला झाला, गोळी साडेदहाला मिळाली, तिचा परिणाम यायला अकरा वाजले. दिवसभराचा व्यायाम गेला आणि तिच्या मनात व्यायामाची भीती बसली ती तीन आठवडे निघाली नाही.

ब्लॉक, कॉकटेल, एपिड्युरल, काहीही असो, उतरताना ते हळूहळू उतरत नाही. दुखणं एकदम अंगावर येतं. सकाळी दहाला ऑपरेशन झालं असेल तर ब्लॉक बहुधा मध्यरात्री ते पहाटे उतरणार, म्हणजे नेमका वॉर्ड झोपलेला असताना. म्हणून "किती वाजता उतरेल" हे विचारायचं.

त्या रात्रीची तयारी अशी. चार्टवरच्या वेदनाशामकांपुढे "एसओएस" लिहिलंय की "दर सहा तासांनी", हे संध्याकाळच्या राऊंडलाच विचारा. एसओएस असेल तर पहिले दोन-तीन दिवस वेळ ठरवून देता येईल का, असं नम्रपणे पण स्पष्ट विचारा. गोळी भूल पूर्ण उतरायच्या आधी पोटात गेलेली हवी, आणि संडास-बाथरूमची सोय, बर्फाची पिशवी, पाणी हाताशी हवं. सोबत झोपणाऱ्याने मोबाइलवर गजर लावावा. दुसऱ्या वेळी आम्ही रात्री बाराचा आणि पहाटे साडेपाचचा गजर लावला होता. तीनच्या सुमारास आई जागी झाली. शून्य ते दहामध्ये किती, विचारलं. "सहा," म्हणाली आणि चहा मागितला. पहिल्या वेळी तिने दहाच्या पुढचा आकडा आहे का विचारलं होतं.

त्या आकड्यांची सवय ऑपरेशनच्या आधीच लावून घ्या. "दुखतं का?" या प्रश्नाला आपल्याकडची म्हातारी माणसं "चालते" एवढंच उत्तर देतात, आणि चालते म्हणजे तीन की आठ, ते परमेश्वरालाच ठाऊक. पडून किती आणि हलताना किती, असे दोन आकडे वहीत लिहायचे. पडून तीनपर्यंत आणि हलताना पाचपर्यंत असेल तर मी समाधान मानतो. शून्याच्या मागे लागलात तर औषधांची गुंगी इतकी वाढते की माणूस पलंगावरून उठत नाही.

त्याच रात्री रुग्ण असंबद्ध बोलायला लागला, मेलेल्या नातेवाइकांशी गप्पा मारू लागला, तर घाबरून हनुमान चालिसा लावण्याच्या आधी सिस्टरला सांगा. वयस्कर माणसांत औषधांनी, अपुऱ्या झोपेने, लघवी अडल्याने असा भ्रम होतो, आणि कारण सापडलं की बहुधा उतरतो. चष्मा आणि कानाचं यंत्र परत लावणं, खिडकीचा पडदा उघडणं, ओळखीचा आवाज, यांचाही खूप उपयोग होतो.

चौथी पायरी: घरी आल्यावर गोळ्यांचा हिशेब

हा भाग माझ्या धंद्याचा, म्हणून जरा लांबवतो.

एकदा मौद्याचा एक मुलगा आला. वडिलांचा गुडघा झालेला. पिशवीतून तीन पट्ट्या काढून म्हणाला, "भाऊ, ह्या तिन्ही वेगवेगळ्या आहेत नं?" डिस्चार्जच्या कागदावर पॅरासिटामॉल ६५० दिवसातून चार वेळा. घरच्या डॉक्टरांनी दिलेली एसिक्लोफेनॅकची गोळी दोन वेळा, तिच्यात पॅरासिटामॉल ३२५. आणि ट्रमाडोलची गोळी तीन वेळा, तिच्यातही पॅरासिटामॉल ३२५. मी पाठच्या कागदावर बेरीज करून दाखवली. २६०० अधिक ६५० अधिक ९७५, म्हणजे ४२२५ मिलिग्रॅम. धडधाकट प्रौढ माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे, आणि बारीक, वयस्कर किंवा लिव्हर कमजोर असलेल्या माणसाला डॉक्टर त्याहून कमी ठेवतात. तिन्ही गोळ्या आपापल्या जागी बरोबर होत्या. एकत्र आल्या तेव्हा चुकल्या. मी त्याला तिथूनच सर्जनच्या दवाखान्यात फोन लावायला लावला.

म्हणून पट्टीचं नाव वाचू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. दिसत नसतील तर आमच्यासारख्याला वाचायला लावा, त्याचे पैसे पडत नाहीत.

पॅरासिटामॉल हा पाया. "ही तर तापाची गोळी" म्हणून लोक तिला हसतात आणि पहिल्यांदा तीच बंद करतात. ती वेळेवर चालू ठेवली की बाकीची औषधं कमी लागतात.

सूज उतरवणाऱ्या गोळ्या, म्हणजे एसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब, सेलेकॉक्सिब यांपैकी एका वेळी एकच. दोन घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, पोट आणि किडनीचा धोका तेवढा वाढतो. बीपीची गोळी लघवी वाढवणाऱ्या औषधाबरोबरची असेल, त्यात ही गोळी आणि वर नागपूरचा मे महिना, तर किडनीवर तिहेरी भार पडतो. ४५ अंशांत माणूस पाणी कमी पितो आणि बाथरूमला उठायला लागू नये म्हणून आणखी कमी पितो. लघवी कमी झाली, पाय-चेहरा सुजला, तर त्याच दिवशी विचारा. काळसर चिकट शौच झाली तर थांबूच नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना सूज उतरवणारी गोळी फक्त डॉक्टरांनी दोन्ही पाहून लिहिली असेल तरच.

ट्रमाडोल किंवा टॅपेन्टाडोल ही दुखणं हाताबाहेर गेलं तरची औषधं, थोड्या दिवसांची. मळमळ, चक्कर, बद्धकोष्ठ ठरलेलं. फिट येणाऱ्यांनी आणि नैराश्याची गोळी घेणाऱ्यांनी ते न सांगता ट्रमाडोल घेऊ नये. २०१८ पासून ट्रमाडोल अमली पदार्थांच्या कायद्याच्या कक्षेत आलंय. चिठ्ठीशिवाय मी देत नाही, त्यावरून माझ्याशी भांडू नका.

प्रेगाबालिन रात्री देतात, नसेच्या झिणझिण्यांसाठी. म्हाताऱ्या माणसाला ते घेऊन रात्री एकट्याने उठू देऊ नका. ट्रमाडोलबरोबर असेल तर गुंगी दुणावते.

ब्युप्रेनॉर्फिन या जोरदार वेदनाशामकाची, कातडीवर चिकटवायची पट्टी छातीच्या वरच्या भागावर, दंडावर किंवा पाठीवर लावतात आणि ती सात दिवस चालते. चिकटवल्या-चिकटवल्या काम सुरू होत नाही, एक-दोन दिवस लागतात. त्या वेळात "काही फरक नाही" म्हणून दुसरी पट्टी लावणारे मी पाहिलेत. असं करू नका. शिवाय उष्णतेने पट्टीतलं औषध जास्त शोषलं जातं. म्हणून तिच्यावर गरम पाण्याची पिशवी नको, कोवळं म्हणत तासभर उन्हात बसणं नको, आणि ताप आला तर डॉक्टरांना कळवायचं. जास्त झोप, मंद श्वास दिसला तर पट्टी काढून लगेच फोन. काढल्यावरही परिणाम एकदम जात नाही.

शुगरवाल्यांसाठी एक. ऑपरेशनमध्ये मळमळ आणि दुखणं कमी व्हावं म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं असेल तर एक-दोन दिवस साखर चढलेली दिसते. आपल्या मनाने इन्शुलिन वाढवू नका, विचारा.

आणि पोट. ट्रमाडोल चालू असेपर्यंत इसबगोल, ताक, भाज्या, संत्र्याच्या दिवसांत संत्री, भरपूर पाणी. किडनी किंवा हृदयाच्या आजाराने पाण्यावर बंधन असेल तर अर्थात डॉक्टरांचं ऐका. भेटायला येणारे प्रेमाने सावजी रस्सा आणतात. आणू द्या, पण गोळ्या चालू असलेल्या पोटात तो जाऊ देऊ नका. घरची बाकीची मंडळी आहेतच.

पाचवी पायरी: बर्फ, उशी, कूलर

व्यायामाच्या पाऊण-एक तास आधी गोळी, व्यायामानंतर बर्फ. एवढं वेळापत्रक जमलं तर अर्धं काम झालं. बर्फ कपड्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. जखम ओली होऊ द्यायची नाही, आणि ब्लॉकने कातडी बधिर असताना जास्त वेळ ठेवायचा नाही. मटारची गोठलेली पिशवी गुडघ्यावर छान बसते, फक्त नंतर त्या मटारची उसळ करू नका. गरम शेक या दिवसांत नको.

गुडघ्याखाली उशी ठेवली की खूप बरं वाटतं, आणि तीच सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पाय वाकलेल्या स्थितीत आखडतो, मग सरळ होत नाही. उशी टाचेखाली, पोटरीखाली पोकळी, गुडघा सरळ. दुखतं, पण हे दुखणं कामाचं.

पोटरीला तेल लावून चोळायला मालिशवाली बोलावू नका. शिरेत गुठळी असेल तर ती चोळण्याने सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

कूलर हा खास आपला विषय. त्याच्याभोवती फरशी ओली राहते आणि गोळीने चक्कर आलेला माणूस वॉकर घेऊन नेमका तिथूनच जातो. कूलर पलंग आणि बाथरूमच्या वाटेतून हलवा.

पाय आपोआप वाकवणारं भाड्याचं यंत्र घ्यावं का, असं पुष्कळ जण विचारतात. सरसकट सगळ्यांना त्याचा फार फायदा दिसलेला नाही. तेच पैसे घरी येणाऱ्या चांगल्या फिजिओथेरपिस्टला द्या.

बाहेरगावच्यांनी ब्लॉक उतरायच्या दिवशी घरी निघू नये. छिंदवाडा किंवा गोंदियाचा रस्ता धरायचा तर निघण्याआधी गोळी, पुढची सीट मागे सरकवलेली, आणि तासाभराने थांबून दोन मिनिटं वॉकरवर चालणं, घोटे वर-खाली करणं.

सहावी पायरी: फोन कधी उचलायचा

गुडघा काही महिने गरम लागतो, जखमेच्या बाहेरच्या बाजूला थोडा भाग बधिर राहतो, मांडीवर निळसर डाग उतरत घोट्यापर्यंत येतात. हे बहुधा नेहमीचं. रात्री जास्त दुखणंही.

पण कमी होत आलेलं दुखणं अचानक वाढलं, जखमेतून पाणी किंवा पू आला, लाली पसरत गेली, काही दिवसांनी थंडी वाजून ताप आला, तर सर्जनला फोन. माझ्याकडे अँटिबायोटिक मागायला येऊ नका. दोन गोळ्यांनी खूण झाकली जाते आणि जंतू आतच राहतो. पोटरी सुजून दुखायला लागली तर त्याच दिवशी दाखवा. धाप लागली, छातीत दुखलं तर १०८. ब्लॉकचा वेळ संपूनही पाऊल वर उचलता येत नसेल, किंवा पाठीतली नळी काढल्यावर पाठ दुखून दोन्ही पाय लुळे वाटू लागले, लघवी थांबली, तर रात्रीचे तीन वाजलेले असले तरी डॉक्टरांना उठवा.

सातवी पायरी: गोळ्या उतरवणं

आधी ट्रमाडोल, मग प्रेगाबालिन (बरेच दिवस चाललं असेल तर ते डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू), मग सूज उतरवणारी गोळी, शेवटी पॅरासिटामॉल. सहसा हाच क्रम सांगितला जातो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर पडून असतानाचं दुखणं बरंच कमी झालेलं असतं. सहा आठवड्यांनी व्यायामापुरतीच गोळी लागणारे पुष्कळ. तीन महिन्यांनंतरही रोज गोळीशिवाय चालत नसेल तर "वय झालं" म्हणून सोडू नका. ऑपरेशन नीट होऊनही साधारण पाचातल्या एकाला दुखणं रेंगाळतं. त्याचं कारण कधी इम्प्लांटमध्ये असतं, कधी कमरेत, कधी नसेत, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. वही घेऊन जा.

आईची पहिल्या गुडघ्याची वही दुसऱ्या वेळी भूलतज्ज्ञांनी पाच मिनिटं वाचली. "एसओएस नको" हे त्यांनी आम्ही न सांगताच चार्टवर लिहिलं.

उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवू नका. शेजारच्या काकूंची कंबर दुखते म्हणून ट्रमाडोलची अर्धी पट्टी तर मुळीच देऊ नका. वापरलेली ब्युप्रेनॉर्फिनची पट्टी चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि नातवंडांच्या हाती लागणार नाही अशी टाका. गोळ्यांच्या न उघडलेल्या पट्ट्या बिलासकट परत आणा. शक्य असेल तर मी घेतो, आणि कुठली घेता येणार नाही तेही सांगतो.